गोचीड चावली, म्हणजे लाईमच झालं का?

पत्र

"नमस्कार डॉक्टरसाहेब. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 38. घरी दोन म्हशी अन् एक देवणी गाय. धारा मीच काढते. येळवस (मार्गशीर्षातली अमावास्या) झाली तवापासून अंग दुखायलंय. कधी कंबर, कधी उजवा गुडघा, कधी खांदा. दिवस कलला की कणकण येते, रात्री घामानं अंगावरचं भिजतं, सकाळी ताप नसतो. सहा किलो वजन उतरलं. हिमोग्लोबिन 9.8 आहे. आधी विडाल काढली, टायफॉईड म्हणून तीनदा सलाईन लावलं. मग वाताच्या गोळ्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक ॲसिड ठीक.

माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. दोन वर्षांखाली त्याला गोचीड चावून लाईम नावाचा आजार झाला होता. दहा दिवसांच्या गोळ्यांनी बरा झाला. दसऱ्याच्या सुमारास मलाही मांडीच्या मागं गोचीड चिकटली होती, हे त्याला सांगितलं तर म्हणाला, ताई, तुला लाईमच आहे, टेस्ट कर. लातूरला रक्त दिलं, ते मुंबईला गेलं. रिपोर्टात लाईम आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. तो बघून इथल्या एका डॉक्टरांनी 28 दिवस शिरेतून इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. घरचे म्हणायलेत, गोचिडीची जनावरंच नकोत, म्हशी विकून टाका. एक म्हैस तशी दिवाळीच्या आधी गाभडलीच होती. मी काय करू? सोबत माझ्या वहीची पानं जोडली आहेत, तारीखवार सगळं लिहिलंय."

उत्तर

ताई, नमस्कार.

ज्यासाठी पत्र लिहिलंत त्याचं उत्तर आधी देतो. इंजेक्शनं सुरू करू नका आणि म्हशी विकू नका. तुम्हाला लाईम असेल असं मला वाटत नाही. जे असण्याची दाट शंका येते, त्याची तपासणी सात महिन्यांत कुणी केलेलीच दिसत नाही. कारण पुढं सांगतो. थोडं सविस्तर सांगतो, कारण उद्या भावाशी तुम्हालाच बोलायचंय, आणि तो काही वेडंवाकडं सांगत नाहीये. तो राहतो तिथं त्याचं म्हणणं अगदी बरोबर ठरलं असतं.

लाईम हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचं नाव. या आजाराचा छडा लागला त्याची सुरुवात डॉक्टरांनी केली नाही, पॉली मरे नावाच्या एका गृहिणीनं केली. तिच्या घरात एकाआड एक सगळ्यांचे सांधे सुजायचे, अंगावर चट्टे यायचे, ताप यायचा. डॉक्टर तिला मनाचे खेळ म्हणून वाटेला लावायचे. ती सगळं लिहून ठेवत गेली. 1975 साली तिनं आणि जुडिथ मेन्श नावाच्या दुसऱ्या एका आईनं, एकमेकींच्या नकळत, वेगवेगळं आरोग्य खात्याला कळवलं की आमच्या भागात इतक्या लेकरांना संधिवात कसा काय होतोय? मग येल विद्यापीठातले ॲलन स्टीअर तिथं गेले. आजूबाजूच्या गावांतून त्यांना 51 रुग्ण सापडले, त्यांतली 39 लहान मुलं. बहुतेकांचं दुखणं उन्हाळ्यात नाहीतर उन्हाळा सरता सरता सुरू झालेलं, घरं झाडीत, आणि साधारण चौघांतल्या एकाला आठवत होतं की सांधे सुजण्याच्या आधी अंगावर एक विचित्र लाल चट्टा आला होता. त्या चट्ट्यानं धागा हाती दिला, कारण तसाच चट्टा गोचीड चावल्यावर येतो हे स्वीडनच्या आर्विड अफझेलिअस यांनी 1909 मध्येच मांडलेलं होतं.

जंतू मात्र 1981 पर्यंत सापडला नाही. विली बर्गडॉर्फर हे मोंटाना राज्यातल्या प्रयोगशाळेत न्यूयॉर्ककडून आलेल्या गोचिडी चिरून दुसऱ्याच एका तापाचे जंतू शोधत होते. ते काही मिळेनात, पण गोचिडीच्या आतड्यात नागमोडी, सुतासारखे जंतू वळवळताना दिसले. लाईमच्या रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी (शरीरानं जंतूशी लढायला बनवलेली प्रथिनं) त्या जंतूंना चिकटतात हेही त्यांनी दाखवलं. 1982 मध्ये ते छापून आलं आणि पुढं त्या जंतूला त्यांच्याच नावावरून बोरेलिया बर्गडॉर्फेरी म्हणू लागले. पॉली मरेची गोष्ट मुद्दाम सांगितली. तुमच्या वहीची पानं मी दोनदा वाचली, आणि माझं आजचं उत्तर रिपोर्टापेक्षा त्या पानांवर जास्त उभं आहे.

आता गोचीड. भावाला चावली ती आणि तुमच्या मांडीला चिकटली ती, या दोघींची जात वेगळी आणि राहणीही वेगळी.

तिकडच्या हरणगोचिडीचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं, आणि त्यात ती तीनदाच पोटभर रक्त पिते, दर खेपेला नव्या जनावराचं. पहिल्यांदा बहुतेक वेळा जंगलातल्या उंदराचं. लाईमचा जंतू त्या उंदरात मुक्कामाला असतो, तिथून तो गोचिडीत जातो. दुसऱ्या खेपेला ती उंदराला धरेल, पक्ष्याला धरेल, नाहीतर झाडीत फिरणाऱ्या माणसाला. त्या वयात ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. बरं, चावल्या चावल्या जंतू माणसात येत नाही. तो गोचिडीच्या आतड्यात असतो. रक्त पोटात गेल्यावर तो आपलं वरचं आवरण बदलतो, लाळेच्या ग्रंथीपर्यंत सरकतो आणि मग माणसात उतरतो. याला बहुतेक वेळा 24 तासांहून जास्त, अनेकदा दीड-दोन दिवस लागतात. म्हणून तिकडं रानातून घरी आल्यावर अंग तपासून गोचीड काढून टाका असं सांगतात. वेळेत काढली तर बहुधा काही होत नाही.

आपल्या म्हशीगाईंच्या कासेला आणि कानात सापडणारी जी नेहमीची गोचीड आहे, तिचा जन्म सोडला तर सगळा संसार एकाच जनावरावर होतो. पिल्लू असताना म्हशीवर चढते, तिथंच कात टाकते, तिथंच मोठी होते, रक्त पिऊन फुगली की अंडी घालायला खाली पडते. उंदराचा आणि तिचा संबंधच येत नाही, मग उंदरातला जंतू ती आणणार कुठून? दुसरी एक लांब पायांची, पायांवर पट्टे असणारी गोचीड आपल्याकडं असते, हायलोमा नावाची. ती जनावर बदलते आणि तिच्यापासून दुसरे आजार होतात. 2011 मध्ये गुजरातेत साणंदजवळ क्रिमियन काँगो तापाचे रुग्ण निघाले तो आजार हिच्यामार्फत पसरतो. पण लाईम पसरवणाऱ्यांत तीही नाही.

भारतात लाईम नाहीच असं मी म्हणणार नाही. हिमाचल, ईशान्य भारत आणि कर्नाटकातलं नागरहोळे-बंदीपूरचं जंगल इकडून त्याच्या तुरळक नोंदी आहेत. लाईम पसरवणाऱ्या कुळातल्या गोचिडी हिमालयाच्या बाजूला आढळतात. तिकडं जाऊन आलेल्या माणसाचं पत्र असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. तुमच्या वहीत गेल्या दोन वर्षांतला लांबचा प्रवास एकच आहे, पंढरपूरचा.

शिवाय तुम्ही लिहिलंय की गोचीड चिकटलेल्या जागी दोन दिवस खाजलं, लाल झालं आणि गेलं. ही त्या चाव्याची साधी रिॲक्शन. लाईमचा चट्टा चावल्यावर तीन ते तीस दिवसांत येतो, रोज थोडा थोडा पसरतो, वितीएवढाही होतो, बहुधा खाजतही नाही, कधी मधला भाग निवळून नुसतं कडं उरतं. दहापैकी सात-आठ रुग्णांत तो येतो. भावाला विचारा, त्याची लाईमची टेस्ट झाली होती का. बहुतेक नसेल. तो चट्टा दिसला आणि माणूस त्या भागातला असला की तिकडं टेस्ट करतच नाहीत, गोळ्या सुरू करतात, कारण तेवढ्या लवकर अँटिबॉडी तयारच झालेल्या नसतात आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. त्याच्या डॉक्टरांनी दहा दिवस डॉक्सिसायक्लीन दिलं असेल, ते नियमाप्रमाणंच.

आता तुमचा रिपोर्ट. यातच सगळी मेख आहे.

लाईमची टेस्ट जंतू शोधत नाही, आपल्या शरीरानं त्या जंतूविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. त्यांत दोन प्रकार. आयजीएम आधी येते, कच्ची असते, भलत्यालाच चिकटण्याची खोड तिला फार. आयजीजी चार-सहा आठवड्यांत येते आणि टिकते. म्हणून 1995 पासून अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेनं नियम घालून दिलाय की आधी एलायझा नावाची रक्तचाचणी करायची, ती पॉझिटिव्ह किंवा काठावर आली तरच वेस्टर्न ब्लॉट नावाची दुसरी पक्की टेस्ट करायची, आणि दोन्ही जुळल्या तरच लाईम म्हणायचं. हल्ली दुसऱ्या पायरीला वेस्टर्न ब्लॉटऐवजी वेगळी एलायझाही चालते, पण पायऱ्या दोनच. तुमची एकच पायरी झालीय.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आयजीएमला किंमत द्यायची ती दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तीस दिवसांत. त्यानंतर नुसती आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह असेल तर ती टेस्ट खोटी पॉझिटिव्ह धरायची. तुमचं दुखणं सात महिन्यांचं आहे. सात महिने लाईमचा जंतू सांध्यात बसला असता तर आयजीजी ठणठणीत पॉझिटिव्ह आली असती. म्हणजे तुमचा रिपोर्ट लाईमच्या बाजूनं बोलतोय असं सगळ्यांना वाटलं, पण नीट वाचला तर तो उलट साक्ष देतोय.

खोटी पॉझिटिव्ह येते कशी, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. विडाल आठवा. तापाचा पेशंट आला की विडाल, आणि विडाल आली की पॉझिटिव्ह. आपल्या पंचक्रोशीत विडाल कधीच पॉझिटिव्ह न आलेला माणूस दाखवा म्हटलं तर शोधत फिरावं लागेल. तेवढ्यांना काही टायफॉईड नव्हता. (तुम्हालाही नसावा. पण सलाईनचे पैसे गेले ते गेले.) हिशेब साधा आहे. समजा एखादी टेस्ट शंभर निरोगी माणसांत पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. जिथं लाईम जवळपास नाहीच अशा गावातल्या हजार जणांचं रक्त तपासलं तर पन्नास जण पॉझिटिव्ह येतील आणि ते पन्नासही खोटे असतील. तीच टेस्ट न्यू जर्सीत, झाडीत हिंडून आलेल्या, गुडघा सुजलेल्या माणसावर केली तर पॉझिटिव्ह बहुधा खरीच निघेल. रक्त कुणाचं आणि कुठलं, यावर रिपोर्टाचा अर्थ ठरतो. लॅबनं काही चूक केलीय असं मी म्हणत नाही. त्यांनी आलेलं रक्त तपासलं आणि दिसलं ते छापलं.

आता ती 28 इंजेक्शनं. नाव तुम्ही लिहिलं नाही, पण शिरेतून आणि 28 दिवस म्हटल्यावर ते सेफ्ट्रियाक्झोन असणार. लाईम मेंदूत किंवा नसांत गेलं तर हे औषध देतात, दोन ते तीन आठवडे. तुम्हाला तसलं काही लक्षण नाही. सांध्यांत लाईम असलं तर सुरुवात 28 दिवसांच्या गोळ्यांनी होते, सुईनं नाही. म्हणजे ज्या आजाराच्या नावानं हे चाललंय त्याच्या नियमातही ते बसत नाही.

"बरं वाटलं नाही तर कोर्स वाढवू" असंही त्यांनी म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. या लांब कोर्सचा प्रश्न अमेरिकेत वर्षानुवर्षं पेटलेला आहे. लाईम होऊन, पूर्ण औषध घेऊनही, शेकडा पाच ते दहा लोकांना थकवा, अंगदुखी, विसराळूपणा महिनोन् महिने राहतो. ते ढोंग नाही, तो त्रास खरा आहे. पण तो शिल्लक राहिलेल्या जंतूमुळं आहे का, हे बघायला नीट अभ्यास झाले. 2001 मध्ये क्लेम्पनर आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना महिनाभर शिरेतून आणि मग दोन महिने गोळ्या असं तीन महिने औषध दिलं, तेवढ्याच दुसऱ्या रुग्णांना नुसतं बिनऔषधी पाणी आणि गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. 2016 मध्ये नेदरलँड्समध्ये पुन्हा तपासलं, तरी तेच. आता संशोधकांचा रोख वेगळीकडं आहे: जंतू मेल्यावरही त्याच्या आवरणाचे तुकडे सांध्याच्या पाण्यात पडून राहतात आणि शरीराची झुंज चालूच राहते, असं 2019 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे खरा लाईम झालेल्या माणसालाही लांबलचक इंजेक्शनांनी फायदा होत नाही. तोटा मात्र होऊ शकतो. सेफ्ट्रियाक्झोन पित्ताशयात साका धरतं, जुलाब मागं लागतात, महिनाभर हातात सुई राहिली की तिथून दुसराच जंतू आत शिरायची भीती. आणि खर्च तुम्हाला ठाऊकच आहे.

मग तुम्हाला झालंय काय?

तुमच्या वहीतली एक ओळ इथं उतरवतो. "वसुबारसेच्या आधी चौथ्या दिवशी म्हैस गाभडली. आठवा महिना होता. वार पडंना. डॉक्टर दोन दिवस आले नाहीत म्हणून मी अन् जाऊबाईनं हातानं काढली." त्याच्याखाली दोन महिन्यांनी: "येळवशीला रानात आंबिल प्यायले, संध्याकाळी थंडी वाजून आली."

सात महिन्यांत कुण्या डॉक्टरनं तुम्हाला जनावराचं विचारलं नाही, म्हणून तुम्ही सांगितलं नाही. पण म्हैस शेवटच्या तीन महिन्यांत गाभडणं (दिवस भरायच्या आधीच गर्भ पडणं), वार म्हणजे गर्भाबरोबर पडणारी पिशवी अडकणं आणि ती उघड्या हातानं काढणाऱ्या बाईला पुढं संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, फिरतं सांधेदुखणं, धरलेली कंबर आणि उतरलेलं वजन, हे सगळं एका ओळीत मांडलं की ब्रुसेलोसिस हे नाव आधी डोक्यात यायला हवं. हा जनावरांपासून माणसाला होणारा आजार आहे. गाभडलेल्या जनावराच्या वारेत, गर्भात आणि गर्भाशयाच्या पाण्यात याचे जंतू खच्चून भरलेले असतात. हाताला बारीकशी चीर असली तरी तिथून आत जातात, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून जातात, आणि निरशा दुधातून तर जातातच. लक्षणं कुणाला दोन-तीन आठवड्यांत, कुणाला काही महिन्यांनी दिसतात.

डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर तापानं गेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू काढला. तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामिट यांनी दाखवलं की बेटावरच्या दिसायला धडधाकट शेळ्यांच्या दुधात तो आहे. सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि त्यांच्यातला ताप झपाट्यानं उतरला. आपल्याकडं गाई-म्हशींत हा आजार जुना आहे. गावातल्या पशुधन पर्यवेक्षकाला विचारा, तो लगेच नाव सांगेल. पण जनावराचा डॉक्टर आणि माणसाचा डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत, तिथं तुमच्यासारखी माणसं अडकून पडतात.

आता काय करायचं ते. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन ओपीडीत जा, किंवा ओळखीच्या एमडी फिजिशियनकडं जा. जाताना रिपोर्टांच्या फाइलीआधी वही पुढं करा आणि पहिलंच वाक्य म्हैस गाभडल्याचं बोला. ब्रुसेलाची रक्तचाचणी करायला सांगा. रोझ बेंगॉल नावाची झटपट चाचणी असते, ती पॉझिटिव्ह आली तर अँटिबॉडीचं प्रमाण मोजणारी दुसरी. त्यात साधारण 160 किंवा त्याहून वरचा आकडा आणि सोबत लक्षणं असली तर निदान धरतात. रक्ताचं कल्चर लावणार असतील तर ब्रुसेलाची शंका आहे हे लॅबला आधी कळवायला लावा. हा जंतू उगवायला वेळ घेतो आणि बेसावध राहिलं तर लॅबमधल्याच माणसाला लागतो.

इथंही विडालची गोष्ट विसरू नका. ज्यांचा जन्म गोठ्यात गेला त्यांच्या रक्तात ब्रुसेलाच्या थोड्या अँटिबॉडी आजार नसतानाही सापडतात. लाईमच्या रिपोर्टाला जो नियम लावला तोच इथंही लावायचा. फरक एवढाच की इथं लक्षणंही जुळतात, कारणही घडलेलं आहे आणि वेळही जमते.

दुसरी शंका टीबीची, आणि ती तेवढीच गांभीर्यानं घ्यायची. संध्याकाळचा ताप, घाम, वजन उतरणं, कंबर धरणं हे मणक्याच्या टीबीतही हुबेहूब असंच असतं. छातीचा एक्स-रे, थुंकी असेल तर ती, आणि कंबरेचा एमआरआय डॉक्टर म्हणतील तर टाळू नका. याला आणखी एक कारण आहे. ब्रुसेलोसिसवर डॉक्सिसायक्लीनसोबत बऱ्याचदा रिफॅम्पिसिन देतात, आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध. टीबी आहे की नाही हे न बघता ते अर्धवट दिलं तर टीबीचा जंतू त्याला निर्ढावतो. चिकुनगुनिया, थायरॉईड, डी जीवनसत्त्व हे डॉक्टर बघतीलच. हिमोग्लोबिन 9.8 आहे त्याचं कारणही शोधायला लावा. नुसत्या त्यानंही माणूस गळून जातो.

ब्रुसेलोसिस निघालाच तर उपाय आहे आणि तो महागडा नाही: दोन औषधं एकत्र, किमान सहा आठवडे. एक डॉक्सिसायक्लीन, दुसरं रिफॅम्पिसिन नाहीतर सुरुवातीचे काही दिवस स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनची इंजेक्शनं. मणक्यात गेला असेल तर जास्त दिवस. दिवस गेलेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा, औषधं बदलावी लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, रिफॅम्पिसिननं त्यांचा असर कमी होतो.

भाऊ म्हणेल, "इंजेक्शनं नको तर नको, माझ्यासारख्या दहा दिवसांच्या गोळ्या तरी घेऊन बघ." नका घेऊ. डॉक्सिसायक्लीन लाईमवरही चालतं आणि ब्रुसेलावरही. दहा दिवस घेतलंत तर तुम्हाला खरंच बरं वाटेल. ताप जाईल, सगळे म्हणतील बघा, लाईमच होतं. आणि महिन्या-दीड महिन्यानं ताप परत येईल, कारण एकट्या औषधानं, तेवढ्याशा दिवसांत, ब्रुसेला आटोपत नाही. तोवर खरं निदान आणखी लांब गेलेलं असेल.

म्हशींचं म्हणाल तर विकून काय होणार? जिला आजार असेल ती दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल आणि तिथल्या बाईला तुमच्यासारखं होईल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून तिन्ही जनावरांचं रक्त तपासून घ्या. उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, गरज पडली तर तिथल्या डॉक्टरांचं मार्गदर्शन मिळतं. म्हशीचा ब्रुसेला औषधानं बरा करत बसण्यात अर्थ नसतो, जी पॉझिटिव्ह येईल ती वेगळी बांधावी लागते आणि पुढं काय ते पशुवैद्य सांगतील. घरात वगार किंवा कालवड असेल तर चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदाच देतात. 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती लाळ-खुरकुताच्या लशीबरोबर आहे, तिची चौकशी करा. कुठलंही जनावर व्यायलं किंवा गाभडलं तर वारेला हात लावताना खांद्यापर्यंतचे हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस थांबा पण डॉक्टरच येऊ द्या. पडलेली वार आणि गर्भ चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यापुढं टाकू नका. दूध उकळूनच. धारोष्ण दूध अंगी लागतं असं सांगणारे गावात असतात. त्यांना मान द्या, दूध देऊ नका.

गोचिडींचा बंदोबस्त तरीही करा, लाईमसाठी नाही, गोचीडतापानं आणि लाल लघवीच्या आजारानं जनावरं दगावतात म्हणून. फवारणीचं औषध पशुवैद्य सांगतील तेवढ्याच पाण्यात कालवा, जास्त कडक केलं तर जनावराला बाधतं. गोठ्याच्या भिंतीच्या भेगा लिंपा. आणि तुमच्या अंगाला गोचीड चिकटली तर रॉकेल, तंबाखू, जळती काडी यातलं काही नको. बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरायची आणि सरळ वर ओढायची, साबणानं धुवायचं. पावसाळ्यात ताप आला आणि अंगावर कुठं न दुखणारी काळी खपली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. तो स्क्रब टायफसही असू शकतो. तो गोचिडीचा नाही, गवतातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा आजार आहे, पण अंगावर काढला तर जिवावर बेततो.

जाल तेव्हा जाऊबाईंना सोबत न्या. वार काढायला त्या होत्या, त्यांचं रक्तही तपासायला हवं, लक्षण असो नसो. आणि वहीच्या शेवटच्या पानावर तुम्ही ओझरतं लिहिलंय की सासूबाईंची कंबर फाल्गुनापासून धरलीय, त्यांना रोज पेलाभर निरसं दूध लागतं. त्याचं वयावर ढकलू नका. त्यांनाही घेऊन जा, आणि पेला आजच्या आज बंद करा.